शाल, श्रीफळ आणि सीलबंद डबा

माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, सत्कार आठवला की अजून माझं डोकं तापतं. शाल होती, श्रीफळ होतं, हार होता, आणि टेबलावर झालरीच्या कापडाखाली झाकलेली एक मोठी वस्तू होती. सत्कार करणाऱ्या पतसंस्थेचे अध्यक्ष म्हणजे आक्काचे धाकटे दीर. माईक तोंडाला अगदी चिकटवून ते सांगत होते, की आमच्या वैनींनी जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, आता निवृत्तीनंतर त्यांना विरंगुळा पाहिजे. मग त्यांनी कापड ओढलं. आत काचेचा एक डबा होता. वायर आधीच जोडून ठेवली असावी, कारण डब्यात लाल, निळे, हिरवे दिवे वरातीच्या गाडीसारखे पळत होते. टाळ्या पडल्या. फोटोसाठी दिरांनी आक्काला जरा मागं सरकायला सांगितलं, म्हणजे डबा नीट दिसेल.

आक्कानं हात जोडले. शाळेत एखाद्या पोराच्या बाहीत कॉपी सापडली की तिचा चेहरा व्हायचा तसा झाला होता.

तिला कॉम्प्युटर नको होता असं नाही. तिला हा नको होता, आणि हे दिरांना माहीत होतं.

आक्काचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारीला लागून. वखार सासऱ्यांच्या वेळेपासूनची. हंगामात माल चाळायला लागले की खिडक्या लावून घेतल्या तरी धूळ घरात येते. पाहुणे शिंकतात, घरचे शिंकत नाहीत. मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर मागे राहिला. मेहुणे वारल्यानंतर दुपारी घर खायला उठायचं, म्हणून आक्कानं एक दिवस तो सुरू केला. त्यात तिला ट्रक चालवायचा एक खेळ सापडला.

परक्या देशातले बर्फाळ घाट, लांबलचक ट्रक, मागं लाकडाचे ओंडके. आयुष्यात जिला कुणी स्कूटरसुद्धा चालवू दिली नव्हती, ती माझी बहीण तो ट्रक असा काही उताराला लावायची की मागं खुर्चीत बसून माझेच पाय ब्रेक शोधायचे. रिकाम्या चौकातसुद्धा ती सिग्नलला थांबायची. घरापासून हाकेच्या अंतरावर खरा हायवे धडधडत असतो. त्याच्याकडं तिनं कधी मान वळवून बघितलं नाही. तिचा रस्ता आत होता.

तो जुना कॉम्प्युटर तंबाखूनं मारला. तिनं स्वतःच उघडला, तेव्हा मी तिथं होतो. पंख्याच्या पात्यांवर तपकिरीचा थर बसला होता, बोटानं खरवडावा लागेल इतका.

“आमच्या मामंजींनी खाल्ली नसंल एवढी तंबाखू ह्यानं खाल्लिया,” आक्का म्हणाली.

नवा घ्यायचा ठरला. तयार घ्यावा की सुटे भाग आणून घरी जोडावा, यावर आमचा वाद झाला. मी तयारच्या बाजूचा होतो. त्यामागं माझं कारण वकिली होतं: बिघडला तर एका कुणाला तरी धरता येतं. आक्काचं म्हणणं वेगळं होतं. तयार डब्यांची तोंडं काचेनं बंद असतात, ते हवा खालून किंवा बाजूनं ओढतात आणि धूळ अडवायला त्यांना साधी जाळीही नसते. तिला पुढून बारीक जाळी असलेलं, बिनदिव्याचं, दिसायला कपाटासारखं कॅबिनेट पाहिजे होतं. जाळी महिन्याला काढून धुता आली पाहिजे.

“रेडीमेड ब्लाउज दिसायला झ्याक असतोय,” ती म्हणाली. “काखेत कापड कुठं वाचवलंय ते हात वर केल्यावर कळतंय.”

तरी माझ्या समाधानासाठी ती बेळगावच्या एका शोरूमला आली. बाहेर पाटी कन्नड, आत स्वागत हिंदीत, आणि आम्ही आपसात बोलतोय हे ऐकल्यावर विक्रेता मराठीवर आला. इथपर्यंत सगळं आमच्या सीमाभागाच्या रीतीप्रमाणं. मग त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, “सर, मॅडमच्या नातवाला कुठली गेम लागते?”

“नातू न्हाय अजून,” आक्का म्हणाली. “मी खेळते.”

तो हसला आणि मलाच म्हणाला, “मॅडम जोक लई छान करतात.”

आक्कानं विचारलं, “ह्याच्यात पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा हाय?”

“मॅडम, तो आतनं असतोय.”

“आतनं असतोय म्हणूनच इचारलं. उघडून दाखवता?”

“सील असतंय मॅडम. सील तुटलं की वॉरंटी संपली.” हे उत्तर त्यानं पुन्हा मला दिलं.

विकत घ्यायची वस्तू आतून दाखवायची नाही, आणि घेतल्यावरही आपण ती उघडून बघायची नाही. एवढी अट तर लग्नाच्या बाजारातसुद्धा आता कुणी घालत नाही. शोरूमच्या पायऱ्या उतरता उतरता मी पक्ष बदलला. कोल्हापूरच्या एका दुकानातून सुटे भाग मागवायचे ठरलं. आक्का खूश होती. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तिच्याकडं प्रयोगशाळेसारखं काहीतरी काम आलं होतं, आणि या वेळी उपकरण फोडणारी पोरंही नव्हती.

हे दिरांच्या कानावर गेलं. ते तातडीनं आले आणि झोपाळ्यावर बसले.

“असेंबल?” ते म्हणाले. “वैनी, आपल्या घरात असेंबल माल कधी आलाय का? आणि जोडणार कोण?”

“मी.”

“ऐका पावणं!” ते माझ्याकडं वळले. “तुम्ही वकील माणूस, तुम्ही तरी समजवा की. अध्यक्षांच्या वैनी डिसमिस घेऊन स्क्रू पिळत बसल्यात, लोक काय म्हणतील?”

“लोकांना बोलवून दाखवणार न्हाय मी, भावजी,” आक्का म्हणाली.

ते हसले, चहा पिऊन गेले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी सत्कार ठरवला. बाकीचं सांगून झालं आहे. डबा त्याच शोरूमचा होता.

सत्कार या प्रकाराबद्दल माझं मत आधीपासूनच चांगलं नाही. ज्याचा सत्कार असतो त्याला खुर्ची मिळते आणि ज्याला तो करायचा असतो त्याला माईक. पण त्या दिवशी मला त्यातली खरी मेख कळली: स्टेजवर दिलेली वस्तू परत करता येत नाही. घरात दिली असती तर आक्का सरळ नको म्हणाली असती. साऱ्या गावासमोर तिला नाही म्हणता येणार नाही, एवढा एकच हिशेब करून सभागृह, हार, छापील पत्रिका हे सगळं उभं केलं होतं. माणसाचं तोंड बंद करायला इथं कुणी दम देत नाही. शाल घालतात.

कोल्हापूरची ऑर्डर तिनं रद्द केली. एका घरात दोन कशाला, म्हणाली. दिरांनी दिलेलं घरात ठेवून शेजारी स्वतःचं मांडणं म्हणजे भांडण, हेही तिला कळत होतं.

डबा चालायचा. ते मान्य केलं पाहिजे. पण त्याचे दिवे पूर्ण बंद होत नव्हते, आणि संध्याकाळी दिरांच्या ओळखीचं कुणीतरी ते बघायला यायचं. “चालू करा की वैनी, लायटिंग दाखवूया,” असं दारातूनच ऐकू यायचं, आणि आक्का घाटात ट्रक उभा करून पाहुण्यांना दिवे दाखवायची. खालून धूळ आत जाते म्हणून एकदा तिनं आत जाळीचा तुकडा बसवायचं ठरवलं, आणि मागच्या सीलपाशी येऊन थांबली. शोरूमला फोन केला तर तेच उत्तर. मग तिनं डब्याखाली ओलं फडकं पसरून ठेवलं आणि ती रोज ते बदलायची. घरात यंत्र उघडून बघणारी ती एकटीच होती आणि तिच्याच वस्तूला हात लावायची तिला बंदी होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं जे जे यंत्र आणि हत्यार घरात आहे त्याची पूजा होते. वखारीच्या अंगणात तागडी मांडली होती, दिरांची गाडी धुऊन हार घालून उभी होती, आणि पाटावर कॉम्प्युटर. तो माडीवरून खाली आणायला आक्कानं विरोध केला, पण दिरांनी गडी पाठवून आणवला. एवढंच नाही तर लांब वायर ओढून चालूही केला. दिवे लागल्याशिवाय पूजा दिसणार कशी?

गाडीची पूजा करताना नारळ फोडतात आणि त्याचं पाणी बॉनेटवर शिंपडतात. दिरांनी नारळ फोडला. तागडीवर शिंपडलं, गाडीवर शिंपडलं, आणि तोच हात तसाच पुढं नेला. त्या डब्याची वरची बाजू म्हणजे नुसत्या फटी. गरम हवा तिथूनच बाहेर पडते.

“भावजी, वरनं न्हाय!” आक्का ओरडली.

करवंटीत उरलेलं सगळं त्यांनी वर ओतलं. श्रद्धेत हात आखडता घेत नाहीत ते. आतून फट् असा आवाज आला, दिवे गेले, आणि उदबत्तीच्या वासात जळक्या प्लॅस्टिकचा वास मिसळला.

“लाईट गेली जणू,” दीर म्हणाले. त्यांच्या पाठीमागं वखारीतला पंखा गरगर फिरत होता.

मी त्या दिवशी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आक्कानं वायर काढली, डबा उपडा करून सुकवायला ठेवला आणि पुरणाला लागली. मला तिचं ते निमूट कामाला लागणं दिरांच्या नारळापेक्षा जास्त लागलं.

सण झाल्यावर आम्ही तो गाडीत घालून बेळगावला नेला. तोच विक्रेता होता. त्यानं वरच्या फटीत टॉर्च मारली आणि मान हलवली.

“लिक्विड हाय सर. वॉरंटीत बसत न्हाय.”

मी कायदा काढला, आवाज चढवला, मॅनेजरला बोलवायला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “सर, दसरा झाला की असं येतंयच दरवर्षी. कुणी नारळ, कुणी हळदीचं पाणी. काय करायचं?”

दरवर्षी येतं, आणि विकताना कुणी सांगत नाही. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नसलं की ते त्या वस्तूला देव समजून अंघोळ घालणारच. मी हे त्याला ऐकवत होतो तेवढ्यात माझ्या शेजारी खरवडल्याचा आवाज आला. आक्का अंगठ्याच्या नखानं सील काढत होती.

“मॅडम, ते काढू नका!”

“का? अजून काय संपायचं ऱ्हायलंय?”

तिनं तिथंच त्याच्याकडून डिसमिस मागून घेतला. त्यानं दिला. बाजूची काच काढून तिनं आत बघितलं. पॉवर सप्लायवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. “बनवणाऱ्यालासुद्धा नाव घालायची लाज वाटलीया,” ती म्हणाली, आणि मला गाडी काढायला सांगितलं.

काय जगलं आणि काय गेलं हे तिनं घरी एकेक भाग सुटा करून तपासलं. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय गेले होते. प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड वाचलं होतं. गेलेलं तेवढं कोल्हापूरहून मागवलं, आणि सोबत ते जाळीचं, कपाटासारखं कॅबिनेट. रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर जुनं धोतर अंथरलं आणि कामाला बसली. मी टॉर्च धरायला.

दीर आलेच. झोपाळ्यावर बसून म्हणाले, “मेकॅनिक आणू का, वैनी? झाल्यावर छोटंसं उद्घाटन करूया. आपल्या पेपरवाल्याला सांगतो.”

“नको,” आक्का म्हणाली. शब्द एकच, पण तो तिनं त्यांना पहिल्यांदाच दिला होता.

दुपार झाली. शेवटचा स्क्रू बसला, वायरी लागल्या, तिनं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पंखा जागचा हलला नाही.

“बघा!” दीर झोपाळ्यावरून उठले. “मी म्हटलं हुतं का न्हाय? पावणं, तुम्ही साक्षीला हाय. कंपनीचं ते कंपनीचं.”

माझ्या हातातली टॉर्च त्यांच्या दिशेनं जायचीच बाकी होती. आक्कानं माझं मनगट धरलं.

“बिघडलंय तर माझ्या हातनं बिघडलंय, भावजी,” ती म्हणाली. “मी केलंय, मीच हुडकणार. कुणाच्या दारात जाऊन उभं ऱ्हायला नको मला.”

तिनं पहिली वायर काढली, बघितली, परत बसवली. मग दुसरी. तिला घाई नव्हती.

“च्या तरी टाका, वैनी,” शेवटी दीर म्हणाले.

“च्याची पूड वरच्या फळीवर हाय, साखर खालच्या,” आक्का मान खालीच ठेवून म्हणाली. “दूध तापवल्यालं हाय. माझ्या भावाला बी एक कप करा.”

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते जरा थांबले, कोगनोळीच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यावर कागदपत्रं विसरलेल्या ड्रायव्हरसारखे. मग आत गेले. भांडी वाजायला लागली. मी राग आवरून टॉर्च आत वळवली.

“हिकडं धर रं, वरच्या कोपऱ्यात. ही बघ, ही अर्धीच बसलीया.”

“वैनी, साखर किती चमचं?” आतून हाक आली.

“तुम्हाला लागंल तेवढी,” आक्का म्हणाली, आणि टक् असा आवाज येईपर्यंत तिनं ती वायर अंगठ्यानं आत दाबली.