तुळशीपाशी उकरलेली जागा

ही घटना मला आजही आठवते, पण आजवर मी ती कोणाला सांगितलेली नाही. निवृत्तीनंतर शाळांमध्ये, गणेश मंडळांत बोलायला बोलावतात. मी दरोड्यांचे तपास सांगतो, टाळ्या घेतो. ही मात्र दर वेळी गिळून टाकतो.

महागाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कापूस वेचणीचे दिवस होते. पुण्यात नोकरी करणारा एक तरुण ठाण्यात आला. त्याची विधवा आई गावातून बेपत्ता होती आणि तिचा फोन बंद होता.

"शेजारी काका राहतात, आईचे दीर," तो म्हणाला. "कुठे गेली विचारलं तर म्हणतात, येईल वापस. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून आमचा जुना वाद आहे साहेब. मला भीती वाटते."

मिसिंग दाखल करून घेतली. दुसऱ्याच दिवशी बीट अंमलदाराने गावातून खबर आणली. म्हाताऱ्या काकाने वहिनीच्या अंगणात तुळशीपाशी जमीन उकरली होती. वर बांबूचं विरळ डालं पालथं घातलं होतं, आणि तो रोज तिथे पाणी शिंपडून दिवा लावत होता.

मी पंच घेऊन गेलो. म्हाताऱ्याच्या घराच्या झडतीत कोनाड्यात बाईचा बंद पडलेला मोबाईल सापडला. माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं. डालं उचललं तर खाली बोटभर उंचीचे गव्हाचे कोंब. उकरलेल्या जागेवर काहीतरी पेरून ठेवणारे आरोपी मी आधी पाहिले होते. अनुभव माणसाला शहाणं करतो, तसाच आंधळाही करतो.

"फावडं आणा," मी म्हणालो.

म्हातारा कोंबांवर आडवा झाला. "नका खोदू साहेब. पाया पडतो."

"काहून? काय पुरलं आहे खाली?"

"काहीच नाही. पन नका खोदू."

सगळा गाव कुंपणापाशी उभा होता. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि कानाखाली लगावली. अशा वेळी तहसीलदारांना कळवायचं, त्यांच्यासमोर खोदायचं, हा नियम मला पाठ होता. 'आधी खात्री करू' म्हणून मी तो बाजूला ठेवला.

कंबरभर खोदलं. काळी माती आणि मुरूम, बाकी काही नाही. कुंपणापाशी कोणीतरी म्हणालं, "दुसरीकडं पुरली असन." ते वाक्य माझ्यामुळे जन्माला आलं होतं. तरीही मी म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं.

दुपारभर विचारलं. त्याने एकच गोष्ट धरून ठेवली होती, वहिनीला वचन दिलं आहे. मधेच तो मला म्हणाला, "मुळं तुटली काय साहेब? एखादं तरी राह्यलं असन?" हा माणूस स्वतःच्या सुटकेचं का विचारत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटचे कॉल पाहायचे म्हणून शिपायाने तो मोबाईल चार्जिंगला लावला होता. तो चालू झाला आणि चहा येईपर्यंत वाजलाही. नंबर अनोळखी. मी उचलला.

"भाऊजी! कवाची लावून राह्यली फोन! गहू उगवले काय?"

मी खुर्चीतून उठलो. "मी पोलीस ठाण्यातून बोलतोय."

"अगं बाई! भाऊजीले काय झालं?"

फोन स्पीकरवर टाकून म्हाताऱ्यासमोर धरला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "उगवले वयनी. हिरवेगार हायेत. मी असाच आलतो इकडं, कामानं. समुद्र पाह्यला काय?"

"पाह्यला! आपल्या इसापूरच्या धरणाले पल्याडचा काठ हाय, याले तोच नाही. तुमच्या नावानं बी एक डुबकी मारली. पोट्ट्याले सांगू नका, अर्ध्या वाटेतून वापस बोलावन तो."

"लेकराले आता माहीत झालं," म्हातारा म्हणाला. "तुमी सावकाश या."

बाई एकटीच रामेश्वरला गेली होती. नवऱ्यासोबत जायचं ठरलं होतं, पण तो आधीच वारला. मुलगा तिच्या गुडघ्यांचं कारण सांगून तिला जाऊ देत नव्हता. त्या घरात रीत अशी की यात्रेकरू निघाला की मागे राहिलेल्याने तुळशीपाशी गहू पेरायचे आणि तो परत येईपर्यंत जपायचे. कोंब हिरवे, तर माणूस सुखरूप. कोंबांची खबर विचारायला तिने आपला फोन दिराजवळ ठेवला होता. चार्जिंग संपल्यावर त्याला वाटलं, बिघडला.

मी आधी चार्जर मागवायला हवा होता. मी फावडं मागवलं.

बाई सुखरूप आली. यात्रा पार पडल्याच्या मावंद्याला गाव जेवला. मुलाने भर पंगतीत काकांचे पाय धरले. मलाही बोलावणं होतं, मी बंदोबस्ताचं कारण सांगितलं. कागदावर मी एवढंच लिहिलं, 'महिला स्वतःहून परत आली, प्रकरण निकाली.' खोदकाम त्यात नाही. थप्पड तर नाहीच. इथे लिहितो आहे ते म्हणूनच.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे मी नोकरीभर मानलं. तो काहीतरी जपत असेल, ही शक्यता त्या म्हाताऱ्याने शिकवली. पुढे कोणावर हात उचलण्याआधी मला ते कोंब दिसायचे.

मागच्या हिवाळ्यात हिंमत करून त्या गावी गेलो. अंगणात बाई भेटल्या, केस पांढरे झालेले. ओळखलं त्यांनी.

"भाऊजी नाहीत ना साहेब. रामेश्वरले गेले, एकटेच. म्हनलं, आता तुमी जा, मी पेरते गहू."

तुळशीपाशी त्याच जागी डालं होतं. त्यांनी ते उचललं. खाली हिरवंगार.

"आलेच आहा, तर पानी घाला," त्या म्हणाल्या आणि तांब्या माझ्या हातात दिला.

मी वाकून पाणी घातलं. भर गावासमोर, त्याच कुंपणापाशी उभं राहून जे म्हणायला आलो होतो, ते ऐकणारा माणूस समुद्रावर होता. तो परतल्याचं नंतर कळलं. मावंद्याचं बोलावणंही आलं. या वेळी मी गुडघ्यांचं कारण सांगितलं.