मामांची विश्वासाची गाडी

मामा लग्नकार्याला नेहमी मागच्या दाराने येत. जरीकाठी धोतर, काळा कोट, तेल लावून चोपून बसवलेले केस, आणि ही सगळी तयारी एका मालवाहू पिकअपच्या स्टिअरिंगमागे. कार्यालयाचा रखवालदार गाडी बघितली की हाताने मागचं फाटक दाखवायचा, जिथून भाजीची पोती आणि गॅसच्या टाक्या आत जातात. "मी पाहुणा आहे," असं मामा त्याला एकदाही म्हणाले नाहीत. मुकाट्याने मागे जायचे, आचाऱ्याशी दोन शब्द कानडीत बोलायचे, कढईतलं पहिलं भजं खायचे आणि स्वयंपाकघरातून मांडवात उगवायचे. मला ओशाळल्यासारखं व्हायचं. ते म्हणायचे, "पुढून येणाऱ्याला अत्तर मिळतं, मागून येणाऱ्याला गरम भजी. तूच ठरव की."

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार होते. रायापूरला हमरस्त्यापासून जरा आत त्यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं. ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत आत्या गेली. दिवसवार झाल्यावर आम्ही सगळे आपापल्या घरी परतलो, आणि त्या घरात मामा आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरले. मी हुबळीला विद्यानगरात राहत होतो. म्हटलं तर अर्ध्या तासाचा रस्ता. तो अर्धा तास मला कितीदा काढता आला नाही, हे मी इथे लिहीत नाही.

त्यांनी स्कूटर विकून चारचाकी घ्यायची ठरवली तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. एखादी लहानशी कार घ्या, पावसात भिजणार नाही, असं सगळ्यांनी सुचवलं. मामांनी ऐकून घेतलं आणि पिकअप घेणार म्हणून सांगितलं. माझी बायको हसली. "मामा, तुम्ही काय माल भरणार त्यात?"

"माझा कसला माल? तुमचा भरणार," मामा म्हणाले. "कारमध्ये मी एकटाच बसणार बघ. मामा, जरा तुमची कार घेऊन या, असं कोण म्हणतंय? पिकअप असली तर लोक बोलावतात."

तेव्हा आम्ही सगळेच हसलो. मीही हसलो.

गाड्यांबद्दल मामांना जे काही माहीत होतं, ते सगळं कोर्टातलं. कितीतरी वर्षं ते मोटार अपघातांच्या दाव्यांच्या कोर्टात होते. त्यांनी कधी हातात पाना धरला नव्हता, पण कुठली गाडी कशी दगा देते ते साक्षीदारांच्या तोंडून ऐकलेलं होतं. त्यामुळे गाडी बघताना त्यांना ती गाडी दिसायचीच नाही, तिचा खटला दिसायचा. "हिच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे तुटतात. साक्षीत आलंय." "हिचा ब्रेक उतारावर लागत नाही. दोन्ही पक्षांना मान्य होतं." शेवटी त्यांनी जी पिकअप निवडली, तिचं कारण त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं: त्या गाडीचं नाव त्यांच्या कोर्टात कधी पुकारलं गेलं नव्हतं. एवढ्यावर घेतलेली गाडी किती टिकणार, असं मला वाटलं होतं. ती चांगली टिकली.

त्या पिकअपमधून मामा रोज फिरायचे. भाजी आणायला, देवळात, दवाखान्यात, अगदी पहाटे फिरायला जायलासुद्धा. म्हणजे पिकअपने जाऊन मैदानाशी लावायची, मग मैदानाला फेऱ्या मारायच्या. मागचा हौदा धुऊन लख्ख ठेवलेला असायचा. आणि खरंच लोक बोलवायला लागले. कुणाचं घर बदलायचं असे, कुणाची मुलगी बेळगावला वसतिगृहात जायची असे, कुणाच्या मुंजीची भांडी न्यायची असत. फोन उचलला की मामा 'हॅलो' म्हणत नसत. "काय न्यायचंय?" एवढंच विचारत. पोरं त्यांना 'पिकअपमामा' म्हणायला लागली. सामान पोचल्यावर त्या घरी चहा व्हायचा, मग "जेवूनच जावा" व्हायचं, आणि मामा एखाद्या वळकटीला टेकून कोर्टातल्या गोष्टी सांगत बसायचे. आत्या असताना त्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

माझा स्वभाव असा की कुणाचं काही घेतलं की मला त्याचं ओझं होतं. मामांना बोलावलं की दिवसभर मन खात राहायचं. एकदा माझ्या चुलतभावाचं कपाट नवनगरला न्यायचं होतं. उतरवताना मामा खाली एका पायरीवर बसले. कपाळावर घाम होता. "काही नाही, ऊन लागलं," म्हणाले आणि पाणी प्याले. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी उठून मी घरच्या मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, की मामांचं वय झालं आहे, आता कृपा करून त्यांना सामानासाठी बोलवू नये, आजकाल फोनवरून टेंपो मागवता येतो. मामांकडे साधा फोन होता, ते त्या ग्रुपवर नव्हते. सगळ्यांनी नमस्काराचे हात पाठवले. एका वहिनीने लिहिलं, भावजी, किती काळजी करता तुम्ही. मला फार बरं वाटलं त्या दिवशी.

मग मामांचा फोन येऊ लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड.

"काही आहे का रे?"

"नाही मामा. काही नाही."

"गाडी तयार आहे म्हणून सांगतो."

"हो मामा."

"कुणाचं कळलं तर सांग."

मी सांगेन म्हणायचो. हे असं एक उन्हाळा आणि एक पावसाळा चाललं. मी त्यांना विश्रांती देतो आहे अशी माझी समजूत होती. अधूनमधून रायापूरला गेलो की ते दाढी वाढलेल्या चेहऱ्याने दार उघडायचे, आणि मी डॉक्टरांनी काय सांगितलं ते विचारायचो.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी मला बोलावून घेतलं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "मी विचार केला. लोकांचा गाडीवरचा विश्वास उडालाय. मागे उणकलच्या चढावर भांड्यांसकट बंद पडली होती बघ, सगळ्यांनी बघितलं. तेव्हापासून फोन कमी झाले. आपण दुसरी घेऊ. विश्वासाची. तू चल माझ्यासंगं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी तरतरी आली होती, आणि माझी जीभ उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आम्ही हुबळीला जुन्या गाड्यांच्या एका आवारात गेलो. दुकान अजून उघडायचं होतं. मामांनी मुद्दाम ती वेळ धरली होती. ते एकेका पिकअपजवळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवत होते. एक गाडी कोमट लागली, तसे पुढे सरकले. "ही कोमट आहे. आपण यायच्या आधी चालू करून ठेवली. साक्षीदार पढवून आणलाय."

विक्रेता धावत आला, तोंडात अजून दात घासायची काडी. "गाडी छलो ऐत्रि, सर," गाडी चांगली आहे हो, म्हणून त्याने टायरवर लाथ मारली.

मामांनी त्याला कानडीतच पिंजऱ्यात उभं केलं. गाडी आधी कुणाकडे होती? काय वाहायची? वाळू की फुलं? वाळू असेल तर हौद्याचा तळ दाखव. फुलं असतील तर पाटे इतके का दबलेत? त्याने फुलं सांगितलं होतं. मग हळूच म्हणाला, अधूनमधून वाळू. मामा माझ्याकडे बघून मिशीत हसले. मला तो हसणारा माणूस बघवेना.

शेवटी एक गाडी त्यांना पसंत पडली. थंड बॉनेट, एका सेल्फात उठली. पांढरी, साधी, मागच्या फाळक्याच्या कड्या नव्या. "रोजच्या वापराची गाडी अशी पाहिजे," ते म्हणाले. "हिच्यात बघण्यासारखं काहीच नाही. ऊठ म्हटलं की उठती." चालवून बघायला म्हणून आम्ही बाहेर काढली. मी शेजारी बसलो. मामा हळूहळू गिअर टाकत, आवाज ऐकत चालले होते. बोलत होते, की बयाणा आजच देऊ, जुनी हाच माणूस घेईल, मग दिवाळीत सगळ्यांकडे एक चक्कर मारू, म्हणजे गाडी नवी आहे हे कळेल.

मी म्हणालो, "मामा, गाडी घेऊ नका."

"का? दोष दिसला काही?"

"दोष गाडीत नाही. जुन्या गाडीतपण नव्हता. मीच सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला बोलवू नका म्हणून. ते कपाट उतरवताना तुम्ही बसलात ना, त्यानंतर."

मामा गाडी चालवत राहिले. पुढचा सिग्नल लाल होता, तिथे थांबले. हिरवा झाला तरी जरा वेळ तसेच. मागून हॉर्न वाजला.

"सगळ्यांना सांगितलंस?"

"हो."

"आणि सगळ्यांनी ऐकलं." त्यांनी गिअर टाकला. "एकालाबी वाटलं नाही का रे, मामाला विचारून तरी बघावं?"

मी माफ करा म्हणालो. दोनदा म्हणालो असेन.

"तू काळजीने केलंस. ते मला कळतंय. तुझी आत्यापण अशीच, मला न विचारता माझं ताट अर्धं करायची." मग गाडी परत वळवताना म्हणाले, "माणूस लोकांच्या अडचणीतच राहतोय रे. त्यांची सोय झाली की आपण बाहेर."

आवारात परत येऊन त्यांनी किल्ली त्या विक्रेत्याच्या हातात दिली. गाडी उत्तम आहे, पण आम्हाला गरज नाही, असं त्याला सांगितलं. जुन्या पिकअपमधून मला विद्यानगरला सोडताना ते एवढंच म्हणाले, "आता घरी जाऊन परत सगळ्यांना सांगत बसू नकोस, मामांना बोलवा म्हणून. सांगून बोलावलेलं मला कळतं. चाळीस वर्षं समन्स पाठवलेत मी."

मी ते पाळलं. म्हणजे माझ्या चुकीची दुरुस्ती करायची वाटही बंद झाली. कुणाकडे टेंपोतून सामान उतरताना दिसलं की मी नजर वळवायचो. मामांचे फोनही थांबले. मी करायचो, तर "बरं आहे की" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

माझं स्वतःचं एक काम मात्र खरोखरचं होतं. उणकलला तळ्याच्या बाजूला आम्ही लहानसं घर बांधलं होतं आणि त्या मार्गशीर्षात तिकडे जायचं होतं. मी फोन केला. सामान हलवायचंय म्हणून सांगितलं. मग मामा म्हणाले, "काय न्यायचंय?"

ती त्यांची शेवटची खेप ठरेल हे आम्हाला माहीत नव्हतं. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. एका सकाळी दूधवाल्याने हाक मारली आणि दार उघडलं नाही.

आमचं सामान हलवायच्या दिवशी मात्र ते सकाळी सात वाजताच फाळका पाडून दारात हजर होते. मी दोन हमाल ठरवले होते. मामांनी त्याला हरकत घेतली नाही, हौद्यात काय कुठे बसेल एवढं सांगत राहिले. गादी कपाटाच्या आरशाला टेकवा, देव माझ्याजवळ पुढे द्या. विद्यानगर ते उणकल, उणकल ते विद्यानगर. दुपारी नव्या घरात फरशीवर बसून आम्ही पिठलंभात खाल्ला. माझी बायको त्यांना वाढत होती आणि ते नको म्हणत नव्हते.

संध्याकाळी हमाल गेले. आम्ही दोघे जुन्या घरी शेवटची नजर टाकायला आलो. खोल्या रिकाम्या होत्या, बोललं की आवाज घुमत होता. मामा प्रत्येक खोलीत जाऊन आले. मोरीतसुद्धा डोकावले. मग अंगणात येऊन किल्ली बोटात फिरवत उभे राहिले.

"झालं का सगळं?"

झालं होतं. मागच्या अंगणात फक्त जुना दगडी रगडा होता, इडलीचं पीठ वाटायचा. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तो तिथेच सोडायचा असं आमचं ठरलं होतं.

"रगडा राहिलाय, मामा," मी म्हणालो.

ते मागे गेले, त्याच्याकडे बघितलं, पायाने थोडा ढकलून बघितला. हलला नाही.

"खरंच लागणार आहे का तुम्हाला हा?"

मला खोटं बोलणं जमलं असतं. आधी जमलंच होतं की.

"नाही," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग धोतराचा काचा नीट खोचला आणि फाळक्याच्या कड्या सोडल्या.

"मग चढव," म्हणाले. "त्या बाजूनं धर. हळू. पाठ वाकवू नकोस, गुडघ्यात बस."

तो दगड वर चढवायला आम्हा दोघांना बराच वेळ लागला. मध्ये दोनदा ते फाळक्याला टेकले. मी त्यांना थांबा म्हणालो नाही. नंतर त्यांनी गाडी सरळ रस्त्याने न नेता तळ्याला पूर्ण वळसा घालून नेली, सावकाश, आणि सगळा रस्ता ते बोलत होते.