आधी पाणी

आई चार घरची धुणीभांडी करायची आणि मी कोपर स्टेशनजवळच्या चाळीत जिन्यावर बसून कॉलेजचा अभ्यास करायचो. जिन्यालगतच्या खोलीत एक निवृत्त वायरमन काका राहायचे. चाळीतलं कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं, की तो परतल्यावर प्यायला ते उंबऱ्यात पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे. ही रीत त्यांच्या खापरपणजोबांपासूनची. ते पलटणीत शिपाई होते. लढाईवरून शिडाच्या जहाजाने घरी येताना भर समुद्रात वारा पडला. काका स्वतः जहाजावर असल्यासारखे सांगायचे, "शीड नुसतं लोंबतंय रे! माणशी दिवसाला वाटीभर पाणी." हडकलेला शिपाई दारात आला, तेव्हा बायकोने काही न विचारता तांब्या पुढे केला.

शेवटच्या वर्षी मी नापास झालो. निकाल घेऊन कल्याणहून आलो, तर काका तांब्या घेऊन जिन्यात उभे.

"काका, मी..."

"गप रे. आधी पाणी पी."

मी प्यायलो. त्यांनी निकाल विचारलाच नाही. रिकामा तांब्या विसळत म्हणाले, "परत कधी निघायचंय ते सांग. भरून ठेवतो."

पुढच्या परीक्षेला निघालो तेव्हा तांब्या उंबऱ्यात होता. मी पास झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.