पाणकणसाचा राखणदार

दगडोबाला शिकारीचा नाद होता आणि शिकार जमत नव्हती. गावाला दोन्ही ठाऊक होतं. पहिलं त्याच्या तोंडून ऐकून, दुसरं डोळ्यांनी बघून.

नळदुर्गच्या अलीकडं त्याचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात तिथं सरकारी कामावर पाझर तलाव झाला. दगडोबानं खडी फोडली, बायको कडूबाईनं माती वाहिली. पुढं तलाव भरला आणि हिवाळ्यात रानबदकं उतरू लागली. बंदुकीची ऐपत नव्हती, म्हणून दगडोबानं जुनी रीत धरली. मडक्याला दोन भोकं पाडून ते डोक्यावर पालथं घालायचं, गळाभर पाण्यातनं हळूहळू सरकायचं आणि बदकाचे पाय खालून धरायचे. जोडीला त्याचा दोस्त सिदू, त्याच्याही डोक्यावर मडकं. काठच्या पाणकणसात, त्या उंच पाणगवतात, दोघं दडून राहत. एकदा दगडोबाच्या हाताला पाय लागला. त्यानं जीव खाऊन ओढला. बदकानं आईवरून शिवी हासडली तेव्हा कळलं, की पाय सिदूचा.

शिकारबंदीचा कायदा झाल्याचं कुणी सांगितलं, तर दगडोबा म्हणाला, "मला काय त्याचं? म्या तर आधीपासनंच पाळतोय."

मग गावात मच्छीमार सोसायटी निघाली. चेअरमन पिराजी भोई. सोसायटीनं सरकारकडून तलाव घेतला, रोहू-कटल्याचं बी सोडलं आणि जाळं ओढायला अडतं म्हणून काठचं सगळं पाणकणीस उपटून टाकलं. तलाव न्हाव्याकडून आल्यासारखा गुळगुळीत दिसू लागला. बदकांना आडोसा उरला नाही. ती मधोमध बसू लागली. तिथं पुरुषभर पाणी. दगडोबाला पोहता येत नव्हतं.

"नावच दगडोबा," तो सिदूला म्हणाला, "तरंगणार कसा?"

शेवटी दोघांनी ओढ्यातनं पाणकणसाचे गड्डे उपटून आणले आणि तलावाच्या पल्याडच्या कोपऱ्यात, जिथं जाळं पोचत नव्हतं, तिथं चिखलात लावले. निम्मे वाहून गेले, उरलेले म्हशींनी खाल्ले. दगडोबानं पुन्हा लावले आणि भोवती बाभळीच्या काट्या टाकल्या. स्वतःच्या रानातल्या पिकाकडं त्यानं कधी इतक्या मायेनं बघितलं नव्हतं. कडूबाई म्हणायची, "लोकं तण उपटत्यात, आमचं धनी लावत्यात."

दुसऱ्या वर्षी कोपरा हिरवागार झाला. बदकं मात्र आली नाहीत. दगडोबा महिनाभर मडक्यात शिंकला.

झालं भलतंच. उघड्या पाण्यातली माशांची पिल्लं पाणकावळ्यांनी वेचून खाल्ली होती. जी पाणकणसात शिरली, ती वाचली, वाढली. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर पिराजीनं त्या कोपऱ्याला जाळं लावलं, तर माशांच्या वजनानं ते चौघांना ओढवेना. पाणकणीस लावलं कुणी, याची चौकशी झाली. दगडोबा आता दंड होणार म्हणून कडब्यामागं लपला. सोसायटीची माणसं शाल-नारळ घेऊन घरी आली.

चावडीपुढं सभा भरली. पिराजी म्हणाला, "आमी शानपणानं उपटलं. ह्या माणसाला मासोळीची कणव आली, त्यानं लावलं."

"कसली कणव?" बायकांतनं कडूबाई उठली. "बदकाच्या लोभानं केलंय त्येनी!"

सभा हसली. दगडोबाला उठावंच लागलं. "खरं हाय तिचं," तो म्हणाला. "म्या बदकाला घर बांधलं, बिऱ्हाड माशांनी केलं. माझा नेम असाच असतुया."

लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. त्या भरात सोसायटीनं सगळ्या काठानं पाणकणीस लावायचा ठराव केला, त्यात कुणी शिकार करायची नाही असं ठरवलं आणि राखणीला दगडोबाला नेमलं. शाल अंगावर असताना नाही कसं म्हणणार?

पुढच्याच हिवाळ्यात बदकं आली. शेकड्यांनी. काठीच्या टप्प्यात येऊन बसली. दगडोबा बांधावर बसून त्यांच्याकडं बघायचा आणि ती त्याच्याकडं. एकदा सोलापूरहून बंदूकवाले जीप घेऊन आले. तो "बंदी हाय!" म्हणून इतक्या जोरात ओरडला, की सगळा थवा उडून गेला.

"तलाव तुझा आहे का?" एकानं चिडून विचारलं.

"सरकारचा. पाणकणीस माझं."

मारायला काही उरलंच नव्हतं. जीप निघून गेली. पिराजीनं खुशीनं एक मोठा रोहू घरी धाडला. दगडोबाला माशाच्या काट्यांची भारी धास्ती. जन्मात त्यानं मासा खाल्ला नव्हता. कडूबाईनं कालवण पुढं ठेवलं.

"बदक समजून खावा," ती म्हणाली. "बदकालाबी हाडं असत्यात."

दगडोबानं पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसऱ्यांदा कालवण मागताना ते चांगले उघडे होते.