कुंभारवाड्याच्या सड्यावरची रेंज

सांगली सोडली तेव्हा माझा धाकटा भाऊ संजय गाडीच्या टपाकडे बोट दाखवून शेजारच्या काकांना सांगत होता, "आता जंगलात बसून ऑफिस करायचं, काका. इंटरनेट टपावर घेऊनच चाललोय." काकांनी टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पायातल्या चपलेचा पट्टा नीट करू लागले.

गाडी म्हणजे मुळात एक जुना टेम्पो. त्यात दोन बाकं, एक ओटा आणि फुलाफुलांचे पडदे बसवून संजय तिला कॅरव्हॅन म्हणू लागला होता. चाकांवरचं घर! आमच्या बाबतीत चाकांवरची अडगळीची खोली. टपावर एक लांब दांडी, दांडीला पांढरी चपटी अँटेना, आत राऊटर आणि दोन कंपन्यांची दोन सिम. चांगलं चाललेलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद करून त्याने हे उभं केलं होतं. पुण्याची लॅपटॉपवाली मंडळी ही गाडी भाड्याने घेतील आणि झाडाखाली बसून पगार मिळवतील, असा त्याचा हिशेब. पुण्यातलं एक गिऱ्हाईक तयारही झालं होतं, पण त्याची अट होती: खऱ्या जंगलात चाललेली खरी मीटिंग व्हिडिओवर दाखवा.

ही खरी मीटिंग माझी असणार होती. मी मराठी शिकवते. ज्या क्लासमध्ये शिकवत होते तो बंद पडला, म्हणून घरबसल्या शिकवण्या देणाऱ्या एका कंपनीकडे अर्ज केला होता. त्यांचं बोलावणं कधीही येणार होतं. "तू कुठूनही मुलाखत दे, ताई," संजय म्हणाला. "त्यांना काय कळतंय तू सांगलीत आहेस का सह्याद्रीत?" नोकरी गेलेल्या माणसाला घरात बसवत नाही. म्हणून मी निघाले. नाहीतर या डब्यात पाय ठेवला नसता.

बेळगाव, खानापूर मागे टाकून दुपारी रामनगरला पोचलो. गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांनी रस्ता भरलेला, धूळ तांबडी, पाट्या कानडी आणि बोलणं मराठी. चहाच्या टपरीवर फोनला इतकी झकास रेंज होती की कंपनीचा निरोप तिथेच येऊन थडकला. उद्या सकाळी अकराला नमुना पाठ. विषय, कर्मणी प्रयोग. कॅमेरा सुरू ठेवणं सक्तीचं.

"मग आज इथेच राहू या," मी म्हटलं.

"रामनगर म्हणजे जंगल आहे का?" संजय दुखावला. "गिऱ्हाइकाला काय दाखवू, ट्रक?"

टपरीवाला आमची गाडी न्याहाळत होता. "कुठं चाललाय?"

"कुंभारवाड्याला."

"आणि वरती ते काय हाय? कपडे वाळत घालायला?"

संजयने त्याला दांडीचं माहात्म्य सांगितलं. टपरीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. "तिकडं रेंज न्हाई हो," तो म्हणाला. "वांडरं मात्र लई हाईत. बसतील त्येच्यावर."

त्याचं ऐकायला हवं होतं. पण संजयचा चेहरा एवढासा झाला होता, आणि सख्ख्या बहिणीनेच रामनगरात बसून मुलाखत दिली असती तर त्याच्या धंद्यात राहिलं काय? मी गाडीत बसले.

जोयडा ओलांडल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंनी झाडं वर जाऊन एकमेकांना मिळालेली. त्यांतून मधेच कापणी झालेलं एखादं पिवळं भातशेत दिसे आणि लगेच पुन्हा अंधारून येई. निसर्ग सुंदर होता, हे मी नाकारत नाही. पण तो बघायला मला वेळ नव्हता, कारण संजय दर वळणावर फोन माझ्या हातात देऊन विचारत होता, "आता किती काड्या?" एकही नव्हती. मग वरून काडकन आवाज आला. रस्त्यावर झुकलेल्या फांदीने आमची दांडी मधोमध वाकवली होती. झाडाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

कुंभारवाड्याच्या एका वाडीवर पार्वतीकाकूंच्या अंगणात गाडी लावली. काकू पन्नाशीच्या, काटक. मळणी आटपून भाताचा पेंढा रचत होत्या. "लावा की गाडी, अंगण काय खातंय?" एवढीच चौकशी त्यांनी केली. घरात त्या कोकणी बोलत, आमच्याशी मराठी आणि बैलाशी कानडी. संध्याकाळी त्यांनी मुडलीचं (हातभर लांबीचा, अळकुडीच्या जातीचा कंद) कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. ओलं खोबरं आणि कोकम घातलेलं ते कालवण मी तिसऱ्यांदा मागून घेतलं. संजय ताट तसंच ठेवून राऊटरसमोर बसला होता. राऊटरचा तांबडा दिवा लुकलुकत होता.

"हे उंचावर न्यायला पाहिजे," तो म्हणाला.

"उंचावर म्हणजे सड्यावरच जायचं," काकू म्हणाल्या. "रेंज तिथंच. उद्या आमीबी सगळी जाणार हाय तिथं. थंब द्यायला."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. रेशनचे तांदूळ मिळायचे तर मशीनवर अंगठा लागतो. मशीनला इंटरनेट लागतं. इंटरनेट फक्त सड्यावर (डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ) येतं. म्हणून रेशनवाला मशीन घेऊन सडा चढतो, त्याच्या मागून सगळी वाडी चढते, कातळावर अंगठे देते आणि खाली उतरून दुकानातून तांदूळ घेते.

"आणि म्हातारी माणसं?"

"माझी सासू हाय ना पलीकडल्या घरात. तिचं कार्ड न्यारं, म्हणून बोट तिचंच लागतं. मागच्या खेपेला तापानं पडली, वर गेली न्हाई. तांदूळ बुडालं."

जंगलात इंटरनेट पोचवून मोठी क्रांती करायला निघालेला माझा भाऊ हे ऐकून भाकरी खाऊ लागला.

सकाळी रामनगर गाठायचा विचार मी बोलून दाखवला, पण वाकलेली दांडी कापून सोडवण्यातच वेळ गेला. शेवटी अँटेना, राऊटर आणि बॅटरी पोत्यात भरून आम्ही सडा चढू लागलो. लाखमोलाची कॅरव्हॅन खाली अंगणात राहिली आणि इंटरनेट आमच्या खांद्यावरून वर चाललं. साडी नेसून, केस विंचरून, लॅपटॉप छातीशी धरून मी ठेचकाळत होते. मागून काकूंच्या सासूबाई, आज्जी, येत होत्या. काकूंच्या नवऱ्याने आणि एका शेजाऱ्याने त्यांना आमच्या गाडीतल्या घडीच्या खुर्चीत बसवून उचललं होतं. त्या संपूर्ण गाडीत उपयोगाची निघालेली ती एकच वस्तू.

वर कातळावर वाडीतली बरीच माणसं उकिडवी बसली होती. रेशनवाले नागेशअण्णा मशीन आभाळाकडे धरून, देवाला नैवेद्य दाखवावा तसे, इकडून तिकडे फिरत होते. मी एका झुडपाआड दगडावर लॅपटॉप ठेवला. संजयने दांडीचा उरलेला अर्धा भाग दोन्ही हातांत धरून अँटेना फिरवली आणि, खोटं का बोला, राऊटरचा दिवा हिरवा झाला. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

अकराला पडद्यावर दोन चेहरे उमटले. एक तरुण आणि एक बाई. दोघांच्याही मागे कंपनीने दिलेली खोटी पुस्तकांची कपाटं. "तुमच्या मागे हिरवं छान दिसतंय, मॅम. बॅकग्राउंड कुठून घेतलं?" तरुणाने विचारलं.

"सह्याद्रीतून," मी म्हटलं, आणि पाठाला सुरुवात केली. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याला विचारत नाही, कर्माच्या मागे जातं, इथवर पाठ छान रंगला होता. एवढ्यात झुडपापलीकडून नागेशअण्णांचा आवाज आला.

"ओ पावणं, तुमचं ते यंत्र चालू झाल्यापासनं माझं मशीन फिरतच बसलंय. एकाचंबी बोट घेईना."

संजय माझ्याकडे बघू लागला. तो काम जाणतो, त्याला कळलं होतं. सड्यावर येणारी रेंज ती एवढीशी, त्यात माझा चेहरा पडद्यावर नेण्यातच सगळी खर्च होत होती. त्याने अँटेना हलवली नाही. "ताई, थोडंच राहिलंय," तो हळूच म्हणाला. "उरकून घे."

मी उरकलंही असतं. पण झुडपाच्या फटीतून आज्जी दिसत होत्या. उन्हात, खुर्चीत, अंगठा आधीच वर करून बसलेल्या. मशीन कधी मागेल तेव्हा तयार असावा म्हणून.

"मला थोडा वेळ थांबावं लागेल," मी पडद्याला सांगितलं. "इथे रेशनसाठी माणसं खोळंबली आहेत. माझ्यामुळे त्यांचं मशीन चालत नाही."

पडद्यावरच्या बाई हसल्या. दयेने हसतात तशा. "मॅम, नेटवर्क ही उमेदवाराची जबाबदारी असते. आमच्या मुलांना डिस्टर्बन्स चालत नाही."

"तांदळाला डिस्टर्बन्स म्हणतात हे मला माहीत नव्हतं," मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला. ही नोकरी मला हवी होती. फार हवी होती.

संजयने नागेशअण्णांकडून मशीन घेतलं, दुरुस्तीच्या दुकानात बसल्यासारखा मांडी घालून त्यात काहीतरी खुडखुड केली आणि ते आमच्या राऊटरला जोडलं. मग पुन्हा दांडी धरून उभा राहिला. पहिला अंगठा लागला. दुसरा लागला. माणसं उठून पुढे सरकू लागली.

आज्जींचा अंगठा मात्र मशीन घेईना. पुसून झाला, तेल लावून झालं, दुसऱ्या हाताचा लावून झाला. मशीन प्रत्येक वेळी कानडीत काहीतरी खेकसत होतं.

"काय म्हणतंय?" आज्जींनी विचारलं.

"वळख पटंना म्हणतंय," नागेशअण्णा म्हणाले.

आज्जींनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. आयुष्यभर चिखलात रोपं लावून त्याच्यावरच्या रेषा केव्हाच गेल्या होत्या. "ह्याच बोटानं भात लावला," त्या म्हणाल्या. "तवा कोण न्हाई इचारलं, कुणाचं बोट म्हणून."

संजयचे हात भरून आले होते. मी दांडीला खालून हात लावला. बऱ्याच खेपांनंतर मशीनने एकदाचा होकार दिला आणि काकूंनी सासूबाईंचा अंगठा पदराने पुसला, लहान मुलाचं नाक पुसावं तसा.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. गिऱ्हाइकाला पाठवायला संजयकडे व्हिडिओ नव्हता. त्याने ते फोनवर खरंखरं सांगून टाकलं. समोरून फोन ठेवला गेला. कंपनीचा नकार मला खानापूर यायच्या आधीच मिळाला. नकार पोचवायला रेंज कधी कमी पडत नाही.

घरी आल्यावर लोक विचारतात, "जोयड्यात नेट कसं आहे?" मी सांगते, आहे. डोंगर चढता येत असेल, बोटावर रेषा शिल्लक असतील आणि कुणी शहाणी माणसं तिथे मीटिंग करायला आली नसतील, तर आहे. इथे सांगलीत माझ्या फोनवर काड्यांची रांग उभी असते. तिच्यावरून दिवसभर मला न मागितलेलं कर्ज आणि न लागणारे फ्लॅट विकले जातात.

महिनाअखेरीला पार्वतीकाकूंचा फोन आला. मागे वारा घोंगावत होता, म्हणजे त्या सड्यावर होत्या.

"अक्का, सासूला आणलंय वर," त्या ओरडून म्हणाल्या. "मशीन पुन्हा न्हाईच म्हणतंय. नागेशअण्णा म्हणतो, तालुक्याला जाऊन डोळं दाखवा, डोळ्याची वळख घेत्यात. तर सासूच्या डोळ्यात मोतीबिंदू. आता तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा..."

फोन कट झाला. मी लावला. लागला नाही. पुन्हा लावला. माझ्याकडच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या, आणि एक गोड आवाज मला कानडीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगत राहिला की, आपण ज्यांच्याशी बोलू इच्छिता ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत.