गुलमोहराला बांधलेला पाला

झाडाला सुंभाने पानं बांधणारा माणूस आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी झाला नव्हता.

झाड गुलमोहराचं. थोरला दादा मुंबईत एका साहेबाच्या बागेत माळी. त्यानेच रोप आणून पोलादपूरच्या आमच्या घरापुढे लावलं. "नीट वाढव," तो म्हणाला. "फुललं की साहेबाच्या मुकादमाला दाखवू. तुलापण बागेत पर्मनंट लावून घेतील." मला तर नांगर सोडून मुंबई गाठायचीच होती. सहा वर्षं मी रोज न्हाणीचं पाणी घालून ते झाड हिरवंगार ठेवलं.

सातव्या वर्षी दादाचं पत्र आलं. साहेब वैशाखात महाबळेश्वरला चाललाय, घाट चढण्याआधी मुकादम झाड बघून जाईल, फुलायला हवं तर आता पाणी तोड. मी तोडलं. फाल्गुनात झाड उघडंबोडकं झालं! (रानातला पांगारा पानं गाळतो हे मला ठाऊक होतं. पण साहेबाच्या बागेतलं झाड असला गावंढळपणा करील?)

"मेलं गो आये."

"नख लावून बघ रे, साल हिरवी हाय का."

बघायची छाती होईना. मी जांभळीचे टहाळ तोडून फांदीफांदीला बांधले. लांबून झाड इतकं टवटवीत दिसलं की मलाच भरून आलं.

चार दिवसांत तो पाला वाळला. आता आमच्याकडे राबाचा पाला, म्हणजे भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजायला लागतो तो, ढोरांनी तुडवू नये म्हणून झाडावर रचून ठेवतात. शेजारच्या धोंडूकाकाने माझं झाड पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचे चार भारे वर!

"काका, ह्ये बागेचं झाड हाय."

"मग तुझा पाला चालतो, माझा चालत नाय? भावकीत असं बरं नाय."

खरं सांगावं तर झाड मारल्याची गावभर बोंब. आठवड्यात अख्ख्या वाडीचा राब गुलमोहरावर चढला. कुणाच्या डोक्यात पडू नये म्हणून भारे मीच नीट रचून, आवळून बांधून दिले.

वैशाखात दादा मुकादमाला घेऊन आला.

"गुलमोहर कुठे आहे?" मुकादमाने विचारलं.

मी त्या ढिगाकडे बोट दाखवलं.

मुकादमाने एक भारा ओढून काढला. आत लालभडक फुलं, पार चेंगरलेली. झाड मेलं नव्हतंच; बिचारं पाल्याखाली गुदमरून फुलत होतं. माझं तोंड मात्र काळं ठिक्कर पडलं.

मुकादमाने फुलं एकदाच पाहिली. भारे मात्र तो बराच वेळ हलवून बघत राहिला. एकही हलेना.

"हे कोणी रचलं?"

"मीच," मी पुटपुटलो.

मला मुंबईत नोकरी मिळाली. साहेबाच्या तबेल्यात, घोड्यांच्या गवताच्या गंजी रचायला. बाग भिंतीपलीकडेच होती. तिथे पाऊल टाकायची मला सक्त मनाई होती.