टेम्पोवाल्याची वेळ

ऐंशीच्या दशकात सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. ओतीव भागांचा साठा आम्ही ठेवत नसू. सकाळी टेम्पो आला की तोच माल थेट मशीनवर चढायचा. टेम्पोवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माल उतरवूनही तो लगेच जायचा नाही. आतून मशीनचा आवाज येईपर्यंत फाटकाशी बशीतला चहा फुंकत थांबायचा.

एकदा आवाज आलाच नाही. ओतकाम बिघडून सगळ्या मालाला भोकं पडली होती. अख्खी पाळी बसून राहिली. तो मात्र कुणी न सांगताच माल परत टेम्पोत चढवू लागला.

मी म्हणालो, "तुमचा काय दोष? तुम्ही तर वेळेवर आलात."

"कुठं आलो साहेब? मशीन तर अजून वाटच बघतंय."